आसाकुसातला भुरका

जेवताना माझ्या तोंडाचा आवाज होत नाही. माझ्याबद्दल सांगण्यासारखी ही एकच चांगली गोष्ट, आणि लग्न जमवताना आमच्याकडच्यांनी ती मुलीकडे आवर्जून सांगितली होती. मुलगी कोल्हापूरची. तिकडे त्यांना वाटलं, पोराचे दात दुखत असावेत.

टोकियोत आसाकुसाला गेलो. सेन्सोजीचं देऊळ पाहिलं, वेशीतला भलामोठा लाल कंदील पाहिला. झालं. सौ. म्हणाली, "आता रामेन." पदार्थ मूळचा चिनी, पण १९१० साली ह्याच आसाकुसात रायरायकेन नावाचं दुकान निघालं, त्यासाठी योकोहामाच्या चिनी वस्तीतून आचारी आणले आणि टोकियोला रामेनचं वेड लागलं. म्हणजे हेही स्थलदर्शनच, अशी मी खिशाची समजूत घातली.

आम्ही शिरलो ते दुकान म्हणजे एक लांब फळी आणि आठ-दहा स्टुलं. दाराशी यंत्र: पैसे टाका, बटण दाबा, चिठ्ठी घ्या. माणसाशी बोलावं लागत नाही, म्हणून मला फार आवडलं.

वाडगं आलं. तोनकोत्सु, फुकुओकाकडचा प्रकार. डुकराची हाडं तासन्‌तास खळखळा उकळतात; चरबी रश्शात मिसळून जाते आणि रस्सा पांढरा होतो. सौ.ने एक घोट घेतला आणि डोळे मिटले. "पांढरा रस्साच आहे हो. नारळ तेवढा विसरलेत."

मी काड्यांनी दोन नूडल्स उचलल्या, फुंकर घातली, दातांनी अलगद तोडल्या. चष्म्यावर वाफ धरली. बाकी सगळे भुरके मारत होते. डावीकडचा सुटातला गृहस्थ तर असा ओढत होता की माझ्या वाडग्यात तरंग उठावेत. नूडल्सबरोबर हवा ओढली की त्या तोंडात जाईपर्यंत निवतात आणि वास थेट नाकात चढतो. हे मला ठाऊक होतं. पोहण्याबद्दलही मला बरंच ठाऊक आहे.

त्यात ह्या नूडल्स बारीक; रस्सा पिऊन बघता बघता फुगतात. मी खात होतो आणि वाडगं भरत होतं. पाठीशी रांग उभी. रांगेतलं कोणी कुरकुरतही नव्हतं. कुरकुरले असते तर निदान भांडता आलं असतं.

एवढ्यात सौ.च्या नूडल्स संपल्या. उरलेल्या रश्शात नूडल्सची नवी खेप घालून मिळते, तिला काएदामा म्हणतात. सौ.ने फळीवर नाणी ठेवली आणि माझ्याकडे बोट करून आचाऱ्याला शुद्ध मराठीत सांगितलं, "ह्यांनाही." त्याने माझ्या तुडुंब वाडग्याकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि चेहऱ्याचं ऐकलं.

"अहो, वरपा की! कोण बघतंय हितं?"

सगळे बघत होते.

आमचे बाबा चहा बशीत ओतून भुरकत. पाहुणे आले की आई डोळे वटारी. मग ते कप ओठाला लावून मुकाट्याने पीत, आणि तो चहा त्यांना गोड लागत नसे. पाहुणे जिना उतरले की स्वतः स्वयंपाकघरात जाऊन उरलेला चहा बशीत ओतत. तो आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत यायचा. आई हसायची, पण त्यांना दिसू द्यायची नाही.

मी वाडग्यावर वाकलो आणि ओढलं.

आवाज झाला. बराच झाला. शेवटच्या नूडलने उसळी मारून माझ्या चष्म्यावर, सदऱ्यावर आणि सुटातल्या गृहस्थाच्या छातीवर रस्सा उडवला. त्याने कागदी एप्रन बांधला होता. माझा सदरा पांढरा होता. तो माझ्याकडे वळून दोन शब्द बोलला.

"शाबास म्हणतोय," सौ. म्हणाली. तिला जपानी येत नाही.

मी दुसरा भुरका मारला, मग तिसरा. मान वर केली तर शेजारचं स्टूल रिकामं; सौ. दाराशी, यंत्रावर अंड्याचं बटण शोधत होती.