अठ्ठावीस पौंडांचं प्रकरण

अहो, कानावर आलं का? आमच्या सकाळच्या बॅडमिंटनच्या ग्रुपमधल्या बँकवाल्या काकांनी नवी रॅकेट घेतली. घेऊ देत की, म्हणाल. पण घरी किंमत सांगितली दोन हजार, आणि पँट धुवायला टाकताना काकूंच्या हाती लागली पावती! वाचता वाचता काकूंनी म्हणे खुर्ची ओढून घेतली.

एकट्या काकांना तरी काय बोलायचं? नाशिकात गंगापूर रोड घ्या, इंदिरानगर घ्या, जो तो याच नादाला लागलाय. रविवारी मिसळीच्या टेबलावर पूर्वी तर्रीवरून भांडणं व्हायची, आता '३यू की ४यू' यावरून होतात. ३यू म्हणजे रॅकेटचं वजन ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४. फरक पाचेक ग्रॅमचा, एका फुलाच्या, म्हणजे शटलच्या, वजनाइतका! आणि एवढा काटेकोर हिशेब करणारे गृहस्थ तोवर पावाची तिसरी जोडी मागवून मोकळे झालेले असतात.

काकांची रॅकेट कसली? तर हेड-हेवी, दांडी कडक, आणि वर गटिंग, म्हणजे तारांचा ताण, अठ्ठावीस पौंडांचं. का, तर ऑलिंपिकची दोन सुवर्णं जिंकणारा अ‍ॅक्सलसेन तसल्याच रॅकेटने खेळला. अहो, तो १.९४ मीटर उंच! आमच्या काकांना बुटाची नाडी बांधायला बाकडं लागतं.

पहिल्याच दिवशी शोभा झाली. काकांनी हात मागे नेला, खाडकन आवाज आला, शेजारच्या कोर्टावरचे वळून बघायला लागले आणि फूल पडलं कोर्टाच्या मध्यावर. पुन्हा मारलं, पुन्हा तिथेच. समोरून फार्मसीला शिकणारी पोरगी दादाची जुनी रॅकेट घेऊन, सैल गटिंगवर, नुसतं मनगट झटकून फूल मागच्या रेषेवर पोचवत होती. यात जादू काही नाही. सैल बाजेवर पोर आपोआप उसळतं, फळीवर नाही. आवळलेल्या तारांवर सगळा जोर आपल्या हाताने लावावा लागतो. तो ज्याच्या हातात आहे त्यालाच अठ्ठावीस पौंड शोभतात. काकांनी दोष दिला थंडीला. तेही अगदीच खोटं नव्हे. डिसेंबरात नाशिकची हवा जड असते, फूल मंद उडतं, म्हणून आम्ही हिरव्या पट्टीचं प्लास्टिक फूल ठेवून लाल पट्टीचं काढतो. पण थंडी नेटच्या दोन्ही बाजूंना सारखीच होती की!

आवळण्यावरून आठवलं. आपले सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरला जिंकले, परदेशात आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. तो जमाना लाकडी फ्रेमचा. फ्रेम वाकू नये म्हणून रॅकेट चार स्क्रूंच्या चौकटीत आवळून ठेवायचे. काकांनी आवळल्या त्या तारा, आणि वाकला खांदा.

खरी खळबळ पुढेच आहे. काकू स्वतः रॅकेट घेऊन दुकानात गेल्या. पोऱ्याने तार कापली, बावीस पौंडांवर नवं गटिंग करून दिलं. "एवढे पैसे गेलेत, तर घरातल्या कुणीतरी वसूल करायला हवेत," म्हणाल्या, आणि सोमवारी ट्रॅकपँट घालून कोर्टावर हजर! काका सध्या जुन्याच रॅकेटने खेळतात, तेही काकूंचे गेम संपल्यावर.

आणि पावती? ती फ्रीजवर लावलीय म्हणे, दुधाच्या हिशेबाशेजारी.