दोन रात्रींची बोट आणि गुरुवारची सुट्टी

दोन ते चार रात्रींच्या समुद्रसहलीला लहान क्रूझ म्हणतात. जहाज धक्क्यावरून सुटते, दिवसातून तीनदा जेवण आणि चारदा खाणे होते, एखादे बंदर लागते, आणि जहाज सुटले त्याच धक्क्याला परत लागते. काही फेऱ्या तर कुठल्याच बंदराला न शिवता समुद्रातून नुसत्या वळून येतात. कारखान्यात याला ट्रायल रन म्हणतात आणि त्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेत नाहीत.

पिंपरी-चिंचवडला घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही. शहराचे स्वतःचे जलपर्यटन म्हणजे थेरगावचा बोट क्लब, तोही पवनेतल्या जलपर्णीच्या मर्जीवर. तरी दिवाळीचा बोनस जमा झाला किंवा भिशी लागली की क्रूझची चौकशी सुरू होते, आणि ती बहुधा लहान क्रूझचीच असते. याचे कारण पैशापेक्षा रजेत आहे. भोसरी-पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. विजेचा भार सांभाळायला औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले, त्यात इकडे गुरुवार आला. हिंजवडीत संगणकापुढे बसणाऱ्यांना शनिवार-रविवार, शाळेला रविवार. नवरा चाकणला, बायको हिंजवडीला आणि मुले निगडीच्या शाळेत, अशा कुटुंबाची सामाईक सुट्टी पंचांगातही सापडत नाही. शुक्रवार ते रविवारच्या फेरीला बायकोची एक रजा जाते आणि नवऱ्याच्या तीन. बुधवार ते शुक्रवारच्या फेरीला नवऱ्याच्या दोन, बायकोच्या तीन, आणि मुलांना शाळेपुरता ताप येतो. मधल्या वारांचे दर सहसा उतरलेले असतात, म्हणून ताप येतोच. सात रात्रींच्याही क्रूझ असतात हे या पट्ट्याला माहीत आहे. मंगळावर बर्फ आहे, हेही माहीत आहे.

तुलनेला बसले की पट्ट्याचा मूळ स्वभाव वर येतो. तीन कोटेशने आल्याशिवाय इथे वॉशरची पिशवीही घेतली जात नाही. क्रूझचाही कंपॅरेटिव्ह निघतो, एक्सेलमध्ये रकाने आखले जातात आणि एल-वन, म्हणजे सर्वांत स्वस्त, कोण ते पिवळ्या रंगात दिसू लागते. परचेसमधला माणूस मात्र पिवळ्या रंगाला भुलत नाही. रेट वेगळा आणि माल दारात येईपर्यंतची लँडेड कॉस्ट वेगळी, हे त्याने पहिल्या नोकरीतच शिकलेले असते.

मुंबईहून २०२१च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची लँडेड कॉस्ट सोपी आहे. ओळखपत्र म्हणून आधार चालते. सिंहगड एक्सप्रेस चिंचवडला थांबते आणि सीएसएमटीला उतरवते. तिथून जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, टॅक्सीने जवळ. गोवा दक्षिणेला आणि चिंचवडकर क्रूझने तिकडे जायला आधी मुंबईला जातो, यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. या कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज १९९०चे, फ्रान्समध्ये बांधलेले, २११ मीटर लांब आणि ११ मजली. जहाजाचे वय ऐकून चिंचवडचा माणूस दचकत नाही. त्याच्या शॉपमध्ये त्याहून जुनी एचएमटी लेथ अजून मापात काम देत असते. त्याचा प्रश्न एवढाच, की मेंटेनन्स कोण बघते.

या जहाजाबद्दलची खरी महत्त्वाची गोष्ट माहितीपत्रकात सहसा नसते. रॉयल कॅरिबियनने ते 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने पाण्यात उतरवले तेच मायामीहून बहामाच्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांसाठी. लहान फेरी हीच त्याची घडण आहे. मजले थोडे, चालणे कमी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आजीला आपली खोली एकटीने सापडते. त्याच कंपनीचे २०२४ साली मायामीहून निघालेले 'आयकॉन ऑफ द सीज' ३६५ मीटर लांब आणि २० मजली आहे. त्यावर दोन रात्री मिळाल्या, तर त्यातली एक योग्य लिफ्ट शोधण्यात जाईल. ते सात रात्रींचे जहाज आहे, शिवाय त्याच्या लँडेड कॉस्टमध्ये अमेरिकेचा व्हिसा आहे, आणि त्या व्हिसाचा लीड टाइम कोणत्याही जर्मन मशीनपेक्षा जास्त भरतो.

मुंबईच्या धक्क्याने याआधीही पाहुणे पाहिले. २००५ साली स्टार क्रूझेसचे 'सुपरस्टार लिब्रा' आले. २०१८ साली मुंबई-गोवा अशी एका रात्रीची 'आंग्रिया' सुरू झाली. कान्होजींच्या नावाच्या जहाजावर डीजे लागला. २०१९च्या एप्रिलमध्ये जलेश क्रूझेसचे 'कर्णिका' आले. तेही १९९०चेच, एम्प्रेसच्या वयाचे. पुढे साथ आली, कंपनी बुडाली, जहाज मात्र तरंगत राहिले आणि तसेच तरंगत २०२०च्या अखेरीस अलंगला तोडायला गेले. इटलीच्या कोस्टाचे एक लाखाहून जास्त टनांचे 'कोस्टा सेरेना' २०२३-२४च्या हिवाळ्यात देशांतर्गत फेऱ्या करून परतले.

कुटुंबासाठी म्हणून नावाजलेली डिस्नेची जहाजे १९९८पासून चालतात. तिथे कॅसिनो नाही. रोज वेगळ्या भोजनगृहात जेवण असते आणि वाढपीही कुटुंबाबरोबर भोजनगृह बदलतो, म्हणजे धाकट्याला वांगे चालत नाही हे एकदाच सांगावे लागते. सोय उत्तम, पण या कंपनीचा रेटच इतरांच्या लँडेड कॉस्टएवढा असतो.

कंपॅरेटिव्ह इतका नीट केल्यावर निर्णय घरात होतो आणि तो एकाच रकान्यावर होतो: जेवण. कॉर्डेलियावर जैन जेवणही मिळते, म्हणजे कांदा-लसूण न खाणाऱ्या आजीचा प्रश्न सुटतो आणि कांद्याशिवाय घास न उतरणाऱ्या आजोबांचा उरतो. घरचे पदार्थ जहाजावर नेऊ देत नाहीत, असा बहुतेक कंपन्यांचा नियम आहे. बाकरवडीचे सीलबंद पाकीट निभावून जाते, डब्यातला बेसनलाडू अडतो. लाडू दर्जात सरस असतो, त्याला सर्टिफिकेट नसते. टेस्ट सर्टिफिकेटशिवाय माल गेटवरून परत येतो, हे चाकणच्या सप्लायरला नवे नाही; त्याच्या आईला मात्र ते पटवून देता येत नाही. बुफेच्या रांगेत कॅन्टीनमुळे कमावलेले कसब कामी येते. फक्त इथे कुपन लागत नाही आणि दुसऱ्यांदा श्रीखंड घेताना कोणी टोकत नाही, याची खात्री पटायला पहिली रात्र जाते. दारू, वायफाय आणि परदेशी जहाजांवर माणशी रोजची टिप हे तिकिटाबाहेर. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात 'टॅक्सेस एक्स्ट्रा' वाचणाऱ्या डोळ्यांना ते लगेच दिसते.

जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच प्रत्येक प्रवाशाला सुरक्षा कवायत करावी लागते. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ झालेल्या 'कोस्टा कॉन्कॉर्डिया'च्या अपघातानंतर हा नियम कडक झाला. लाइफजॅकेट कुठे आणि जमायचे कुठे, एवढेच शिकायचे असते. इतर शहरांतले प्रवासी इथे गोंधळतात. कारखान्यात वर्षानुवर्षे फायर मॉकड्रिल केलेला माणूस असेंब्ली पॉइंटला सर्वांत आधी पोहोचतो, आपल्या लोकांची मोजदाद करतो आणि मागच्या रांगेला शिस्त लावतो.

बोट लागणे हा शब्दप्रयोग मराठीत क्रूझच्या फार आधीपासून आहे. भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याला जाणाऱ्या आगबोटींनी तो रूढ केला. डेकवर वळकटी पसरून, उशाला लिंबू ठेवून कोकणी माणूस गावी जाई आणि त्याला कोणी पर्यटक म्हणत नसे. आताच्या जहाजांना डोलणे कमी करणारे पंख असतात, पावसाळ्यात मुंबईच्या फेऱ्या बंद असतात, आणि बोट लागलीच तर उपाय मात्र लिंबू आणि आलेपाक हाच आहे.

किनारा दूर गेला की मोबाइलचे नेटवर्क जाते. लाइन थांबली, असा फोन चाकणहून येऊ शकत नाही, अशी ही जगातल्या मोजक्या जागांपैकी एक. वायफायचे पॅकेज घेऊन साहेबाचा फोन पैशाने विकत घेणारेही असतात. ते बहुधा क्वालिटीतले असतात.

दोन रात्रींसाठी मुंबईचे जुने, लहान जहाजच बरे. चार रात्रींची रजा आणि पासपोर्ट दोन्ही असतील, तर सिंगापूरहून सुटणारी जहाजे बघावीत. चाकणहून स्वतःच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्यांनी तिथल्या तळेगाव चौकाचा वेळ वेगळा धरावा. जहाज सुटण्याच्या बरेच आधी बोर्डिंग बंद होते, आणि कंपनीच्या बसला सांगतात तसे 'आलोच, दोन मिनिटं' कप्तानाला सांगता येत नाही.