थंड हवेची चौकट

शहापूर-मुरबाडकडच्या फार्महाऊस मालकांचं करावं तेवढं कौतुक थोडंच. मुंबईत मोकळी हवा नाही म्हणून माळशेजच्या वाटेवर जमीन घ्यायची, डोंगराकडे तोंड करून भलीमोठी खिडकी ठेवायची आणि पहिल्याच एप्रिलात सुताराला बोलावून ती बुजवायची, याला दूरदृष्टी लागते.

काम नाजूक आहे. आधी गज कापायचे. मग सागाची चौकट ठोकायची, पन्नासेक किलोचा विंडो एसी पेलायला खाली लोखंडी ब्रॅकेट, उरलेल्या जागेत प्लाय, फटींत फोम. एसी बाहेरच्या बाजूला किंचित उतरता बसवायचा, म्हणजे पाणी घरात येत नाही. पूर्वी इथले लोक कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपून घर गार ठेवत. त्यात वीजबिल येत नसे, म्हणजे पाहुण्यांना दाखवण्यासारखं काहीच नसे.

आमची नम्र सूचना अशी की, पुढच्या बंगल्यांत खिडकीच नको. प्लायवर डोंगराचा फोटो चिकटवावा. तो पावसाळ्यात काढलेला असावा, म्हणजे बारा महिने हिरवा.

शिवाय एसीतून ठिबकणारं ते पाणी. तानसा धरण १८९२ पासून शहापूर तालुक्यातलं पाणी मुंबईला पाठवतंय. पुढे मोडकसागर आलं, भातसा आलं. याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. मुंबईकरानं या तालुक्यासाठी पाणी सोडण्याची ही पहिलीच वेळ. तरी चौकटीखाली हंडा लावू देण्याची मालकांनी कृपा करावी, ही विनंती. नंबर लागलेले आहेत.