मेथीचा मुक्काम

भाचीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीतल्या एडिसनला निघाले, तेव्हा माझ्या बॅगेत माझं असं फारच थोडं होतं. चार साड्या, दोन पंजाबी ड्रेस, गुडघ्याचं तेल. बाकी सगळा मुलूख बाळंतिणीचा. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओवा, खारका. विमानतळावरच्या तरुण अधिकाऱ्यानं डबा उघडून विचारलं, हे काय आहे? मी क्षणभर अडखळले. औषध म्हणावं की गोड पदार्थ म्हणावा? मेथीच्या लाडवाबाबत हा प्रश्न आपल्याकडेही कधी सुटलेला नाही. त्यानं डब्यात नाक घातलं, त्याचा चेहरा एकदम शाळकरी झाला, आणि त्यानं मला जाऊ दिलं. तो का विरघळला हे मला तीन आठवड्यांनी कळलं.

बाळ आठ-दहा दिवसांचं झालं असेल. सकाळी भाची स्वयंपाकघरात आली, स्वतःचीच बाही हुंगत म्हणाली, "मावशी, माझ्या अंगाला पॅनकेकचा वास येतोय." मी म्हटलं, "अगं, बाळंतिणीच्या अंगाला दुधाचा वास येतोच." "दुधाचा नाही गं. पॅनकेकवर घालतात ना, त्या मेपलच्या पाकाचा." मी वास घेतला. मला तो स्वच्छ मेथीचा आला. आम्ही दोघी एकाच बाईचा वास घेत होतो. तिला त्यात तिची ऑफिसजवळची न्याहारी दिसत होती आणि मला साताऱ्याचं माजघर.

दोघीही बरोबर होतो. मेथीत सोटोलोन नावाचं एक द्रव्य असतं आणि मेपलच्या पाकालाही त्याचा गंध असतो. पोटात गेलेली मेथी आपली कामं उरकते, पण हा सोटोलोन काही थांबायला तयार नसतो. तो घामातून, लघवीतून, दुधातूनसुद्धा बाहेर डोकावतो. त्याच आठवड्यात बाळाच्या तपासणीला गेलो तर नर्सनं लंगोट बदलता बदलता हुंगला आणि गंभीर झाली. तान्ह्या मुलांचा एक दुर्मीळ आणि धोक्याचा आजार आहे, त्यात लघवीला असाच पाकासारखा वास येतो. आजाराचं नावच त्या पाकावरून पडलंय. जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या रक्ताचा अहवाल पुन्हा काढून पाहिला गेला. तो स्वच्छ होता. मग नर्सनं विचारलं, आई काय खाते? भाचीनं बोलण्याऐवजी माझ्याकडे बोट दाखवलं.

मला शरम वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटला. पुढे कळलं की त्या प्रांताला हा चकवा नवा नव्हता. २००५ सालच्या शरद ऋतूत न्यूयॉर्क शहरावर एका संध्याकाळी असाच गोड पाकाचा वास पसरला होता. लोक घाबरले, कुणाला घातपाताची शंका आली, पालिकेचे फोन खणखणू लागले. पुढली तीनेक वर्षं तो वास मनाला येईल तेव्हा यायचा आणि जायचा. शेवटी २००९च्या फेब्रुवारीत वाऱ्याच्या दिशा तपासून छडा लागला: नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया चालत होती. एवढं महानगर, त्याच्या उंच इमारती, त्याची यंत्रणा, आणि तीन वर्षं त्यांना जो वास कोड्यात टाकत होता तो माझ्या आजीनं उंबऱ्यातून ओळखला असता. म्हणाली असती, "कोण बाळंत झालंय गं?"

आजीच्या घरात बाळंतिणीची खोली डोळे मिटूनही सापडायची. शेगडीवर ओवा, बाळंतशेपा आणि लसणीची सालं पडली की धुरीचा निळसर पडदा उठे. त्यामागे तेलानं माखलेली, डोक्याला फडकं बांधलेली आत्या बसलेली असे, आणि तिच्या अंगाला सगळ्या मसाल्याच्या डब्याचा वास येई. आम्ही मुलं तिच्या कुशीत शिरायचो ते बाळासाठी नव्हे, त्या वासासाठी. त्या वासाचं काही करायला हवं असं कुणाच्या मनातही आलं नाही. बाळंतपणासारखाच तो एक मुक्काम होता. सव्वा महिना राहायचा आणि निघून जायचा. वास या शब्दाला आपल्या भाषेत राहणं असाही अर्थ आहे, हे मला व्याकरणाच्या तासाला कळलं, पण पटलं त्या खोलीत.

भाचीच्या न्हाणीघरात मात्र वासाविरुद्ध एक अख्खी फौज उभी होती. काखेसाठी एक, पायांसाठी एक, आणि एका गुलाबी बाटलीवर फुलं, फुलपाखरं आणि 'ताजेपणा' एवढंच. कशासाठी ते बाटली सांगत नव्हती. आपणही कुठे सांगतो? आमच्या घरात त्या जागेला नाव नव्हतं, फक्त 'तिथं' होतं. 'तिथं' खाज येते, 'अंगावरून पांढरं जातं'. आजी तांदळाचं धुवण प्यायला द्यायची आणि विषय संपायचा. अमेरिकेतली लाज मात्र बोलकी. गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत तिथं लायसॉल हे जंतुनाशक बायकांनी 'तिथं'ही वापरावं अशा जाहिराती होत्या, नवऱ्याचं प्रेम टिकावं म्हणून! फरशी आणि संसार दोन्ही एकाच बाटलीतून.

मी ती गुलाबी बाटली घेऊन माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला फोन लावला. ती कोल्हापूरला स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि तिला कुठलीही गोष्ट स्वयंपाकघरात आणून ठेवायची सवय आहे. "आत विरजण लागलेलं असतं," ती म्हणाली. "डोडरलाइन नावाच्या जर्मन डॉक्टरानं १८९२ साली ते पाहिलं. दह्यातल्या जंतूंचेच चुलतभाऊ आहेत ते. आतल्या पेशींतली साखर खातात, लॅक्टिक आम्ल करतात, आणि सामू ३.८ ते ४.५च्या दरम्यान ठेवतात. त्यामुळे बाहेरचं कुणी तिथं घर करू शकत नाही. तूच सांग, लागलेल्या दह्यात कुणी साबण ओततं का?" मी म्हटलं, मग दही खाल्लं तर? "खा की. हाडांना चांगलं आहे. पण घशातून गेलेलं दही तिथं पोचून कामाला लागतं असं समजू नकोस. चुलतभाऊ म्हणजे सख्खा नव्हे." अननसानं वास गोड होतो म्हणतात, त्यालाही तिनं पुरावा नाही म्हणून हसून वाटेला लावलं. रक्तातली साखर मात्र खरंच चुगली करते, ती वाढलेली राहिली तर बुरशीला मेजवानी मिळते, असं तिनं जरा दमात सांगितलं. आणि वास मासळीसारखा झाला, किंवा खाज, जळजळ सुरू झाली, तर स्वयंपाकघरात नाही, डॉक्टरकडे जायचं. बाकी थोडा आंबूस वास म्हणजे विरजण नीट लागल्याची खूण. "आणि आपल्या वयात?" मी विचारलं. फोनवर एक छोटासा थांबा आला. "आपल्या वयात विरजण पातळ होतं गं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी काही वेळ काहीच न बोलता हसलो, तिची ओपीडी वाट पाहत असताना.

गुलाबी बाटली मी होती तिथं ठेवली. दुसऱ्या दिवशी ती कचऱ्याच्या डब्यात होती. कुणी टाकली ते मी विचारलं नाही.

बायकांच्या वासाची ही एवढी उठाठेव, पण खाण्यानं अंगाचा वास कसा बदलतो हे तपासायला प्रागच्या संशोधकांनी काखा निवडल्या त्या पुरुषांच्या. पुरुषांनी लसूण खायची, काखेत कापसाची गादी बांधून हिंडायचं आणि ती गादी बायकांनी हुंगायची. लसूण खाल्लेल्या काखा बायकांना जास्त आवडल्या, असं २०१६ साली छापून आलं. मला आश्चर्य वाटलं नाही. इतकी वर्षं नवऱ्याच्या ताटात लसणीची चटणी वाढणाऱ्या बाईचं मत कुणी आधी विचारलं असतं तर कापूस वाचला असता.

महाभारतातल्या मत्स्यगंधेचीही मला एडिसनमध्ये बरेचदा आठवण यायची. कोळ्यांच्या घरात वाढलेली, नाव चालवणारी पोर. पराशर ऋषी भेटतात आणि ती वर काय मागते, तर अंगाचा वास बदलून. राज्य नाही, आयुष्य नाही. मग ती योजनगंधा होते, योजनभर सुगंध पसरतो, आणि पुढं राणीही होते. आज कळतं की माशाच्या वासाचं जे द्रव्य, ट्रायमिथिलअमीन, ते काही माणसांचं यकृत मोडू शकत नाही. अंडी, मासे, कडधान्यं खाल्ली की त्यांच्या घामाला तोच वास येतो, आणि बायकांना पाळीच्या दिवसांत तो जास्त जाणवतो. नावेतल्या त्या मुलीला कुणी सांगितलं असतं की, बाई, हा तुझा दोष नाही, तर तिनं वर दुसरा मागितला असता का? बहुधा नाही. पण विचारून पाहायला हरकत नव्हती.

एडिसनपासून तासा-दीड तासावर फिलाडेल्फिया. तिथल्या मोनेल संस्थेत १९९१ साली पाहिलं गेलं होतं की आईनं लसूण खाल्ली की दुधाला तिचा वास येतो, आणि बाळं तोंड फिरवण्याऐवजी जास्त वेळ चिकटून राहतात. हे मी भाचीला सांगितलं नाही. फक्त एका दुपारी भाकरीबरोबर लसणीची चटणी जरा सढळ हातानं वाढली आणि खिडकीपाशी मटार सोलत बसले. घड्याळाकडे बघत नव्हते, असं म्हणणार नाही.

मी परत आल्याला आता दोन महिने झाले. परवा तिचा फोन आला. बाळ हसतंय, मान धरतंय, वगैरे. मग म्हणाली, "लाडू संपले मावशी. तो वासही गेला. नर्स म्हणाली, आता बाळाला नुसता बाळाचा वास येतो."

"चांगलं झालं की."

"हो." मग जरा थांबून, "अजून पाठवता येतील का गं? म्हणजे... दुधासाठी."

"हो, दुधासाठीच," मी म्हटलं आणि मेथी दळायला काढली.