टबातला आखाडा

कपडे मळविण्याची जितकी संपन्न व्यवस्था करवीर नगरीत आहे, तितकी अन्यत्र कोठे असेल असे मला वाटत नाही. चैत्री पौर्णिमेला वाडी रत्नागिरीस जाऊन, चांगभलंच्या गजरात जोतिबाचा गुलाल अंगावर घेऊन परतलेला सदरा, तांबड्या रश्शाचा कट सांडून पावन झालेले धोतर आणि तालमीतल्या मातीने माखलेला लंगोट, या तिघांना एकाच गाठोड्यात बांधून "घाला सगळं एकदम" असा हुकूम सोडणारी वडीलधारी मंडळीही येथे घरोघर आहेत. आमच्या घरी हे खाते थोरल्या काकूंकडे आहे.

काकूंचे धुण्याचे शिक्षण रंकाळ्याजवळच्या 'धुण्याची चावी' येथे, दगडावर झालेले; त्यामुळे जो कपडा आपटला गेला नाही तो धुतला गेला, हे त्यांच्या न्यायबुद्धीस पटत नाही. वरून कपडे टाकावयाचे आमचे यंत्र नुसते घुमते, म्हणजे अंगचोरपणा करते, असा त्यांचा ग्रह असून, त्याच्याकडून पुरेपूर काम वसूल करण्यासाठी त्या टब काठोकाठ भरतात. "एवढ्या मोठ्या मशिनीत चारच कापडं? लाईट काय फुकट येतीया व्हय?" या युक्तिवादापुढे घरातील पदवीधर निरुत्तर होतात.

वास्तविक या यंत्राची सारी करामत तळाशी उलटसुलट फिरणाऱ्या चकतीत आहे. ती पाणी घुसळते, पाणी कपड्यांना खालीवर ओढते, आणि कपडे एकमेकांशी झोंबून मळ सोडतात. झोंबावयास जागाच नसेल तर ते गर्दीत उभ्या प्रेक्षकांप्रमाणे जागच्या जागी हलतात व कोरडी घडी मधोमध शाबूत ठेवून बाहेर येतात. ज्या गावाने 1912 साली खासबागेचे मैदान पुरे करून, सभोवार हजारोंना बसवून आखाडा मात्र मल्लांसाठी मोकळा राखला, त्या गावात हे तत्त्व समजाविण्याची पाळी यावी, याचे मला वैषम्य वाटते. टबाचा वरचा चतुर्थांश रिकामा असावा. आणि परीक्षा हवी असेल तर धुणे चालू असता काचेतून पाहावे: तीच कॉलर बराच वेळ त्याच जागी तरंगताना दिसली, तर दोन कपडे निमूटपणे बाहेर काढावेत.

पावडरीविषयी काकूंचे धोरण सढळ आहे. फेस म्हणजे स्वच्छता, ही त्यांची श्रद्धा. परंतु जादा फेस कपड्याकपड्यांमध्ये गादी होऊन बसतो, घर्षण होऊ देत नाही, आणि खळबळूनही न निघता काळ्या पँटीवर पांढऱ्या रेघोट्यांच्या रूपाने आपली हजेरी लावतो. बोअरच्या जड पाण्यात पावडर थोडी अधिक लागते हे खरे, पण ओंजळ हे माप कोणत्याही पाण्यास लागू नाही. पावडर आधी पाण्यात विरघळवावी, मग कपडे सोडावेत.

गुलालाचा सदरा प्रथम कोरडाच झटकावा व वेगळा भिजवावा, एरवी सगळे घर वर्षभर जोतिबाचे भक्त दिसते. खिशांची झडती अवश्य घ्यावी, के. एम. टी. बसचे एक विसरलेले तिकीट साऱ्या कपड्यांवर चिकटू शकते. रश्शातली हळद साबणाच्या क्षाराने लाल होते, हा काकूंच्या मते यंत्राचा खोडसाळपणा. तो डाग उन्हात फिका पडतो, पण आषाढात कोल्हापुरास ऊन मिळविणे हे दरबारी काम आहे. नऊवारी लुगडे जाळीच्या पिशवीत घालावे, नाहीतर त्याचा दोर वळला जातो. एकटी सोलापुरी चादर पिळावयास लावली तर ती पाणी पिऊन एका बाजूस बसते आणि यंत्र न्हाणीघरातून दाराच्या दिशेने प्रस्थान ठेवते.

धुणे आटोपल्यावर झाकण उघडे ठेवावे, म्हणजे टबाला कुबट वास येत नाही. काकूंचा यास सक्त विरोध आहे, कारण उघड्या भांड्यात मांजर तोंड घालते हा त्यांचा अनुभव. अखेर तह झाला तो असा की, दुपारपर्यंत झाकण उघडे, आणि चारनंतर, मांजराची वहिवाट सुरू होताच, बंद.