बर निघाली की बरं

आमच्या झाडीपट्टीत पाणी मामाकडून येतं. मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी मातीच्या पाळी बांधून पावसाला अशी वळणं लावली, की आजही धानाच्या बांध्या त्यावर पिकतात. अशा मुलखात, चिचगडसारख्या गावात जन्म काढून, विज्ञानाचा मास्तर म्हणून निवृत्त होऊन, मला मात्र चार सुतांच्या पाइपानं हरवलं.

आठ सुतांचा एक इंच, तेव्हा चार सूत म्हणजे अर्धा. टाकीपासून मागच्या बाडीतल्या वांग्यांपर्यंत तेवढा लोखंडी पाइप न्यायचा होता. मिस्त्री ‘उद्या येतो’ म्हणाला. त्याच्या उद्यावर विसंबून वांगी जगली नसती, म्हणून हॅक्सॉ मीच उचलला. पात्याचे दात पुढे तोंड करून लावायचे असतात, हे पाइप अर्धा चिरल्यावर लक्षात आलं. उरलेला अर्धा सरळ दातांनी कापला आणि काम कसं झालं ते पाहायला काठावरून बोट फिरवलं.

हिनं हळद दाबली, चिंधी बांधली आणि शांतपणे विचारलं, “अहो, कापायचा पाइप होता ना?”

मिस्त्री उद्या नाही, पण परवा आला. “बर राहिली जी,” म्हणाला. मला वाटलं, ‘बरं’ म्हणतोय. तर कापलेल्या काठावर धातूची जी दातेरी कडा उभी राहते, तिचं नाव बर. ती बोट कापते हे कळलंच होतं. आतल्या अंगाला राहिली तर पाणीही अडवते. मी लगेच पाटी-पेन्सिल घेतली. पंधरा मिलिमीटरच्या भोकात सगळीकडून एक-एक मिलिमीटर बर आली, तर उरले तेरा. तेराचा वर्ग एकशे एकोणसत्तर, पंधराचा दोनशे पंचवीस. म्हणजे त्या जागी पाण्याची चौथा हिस्सा वाट बंद! वर गाळ आणि शेवाळ अडकायला आयती खुंटी. मिस्त्री म्हणाला, “म्हनूनच तर म्हनतो, काढून टाका.” आणि हत्यार न देताच गेला.

देवरीच्या दुकानात गेलो. पाइपाचा काठ साफ करण्यासाठी माणसानं इतका विचार केला असेल, अशी मला कल्पना नव्हती. पहिलं हत्यार पेनासारखं. टोकाला वाकडं पातं, ते काठाबरोबर आपलं आपण गरकन फिरतं. प्लास्टिकच्या पाइपावर ते लोण्यातून फिरल्यासारखं गेलं; माझ्या लोखंडी तुकड्यावर मात्र थंडीत दात वाजावेत तसं कडकडलं. दुसरं डबीसारखं. एका तोंडानं आतला काठ खरवडायचा, उलटं केलं की बाहेरचा. पण लोखंडावर फिरवायला ज्या मनगटाची गरज होती, ते मी चाळीस वर्षं फक्त खडू धरायला वापरलं होतं. तिसरा चाकाचा कटर. तो पाइप सुरेख कापतो, पण कापताना काठ आत ढकलतो. त्यामुळे आतली बर खरवडायला त्याच्याच पाठीत एक घडीचं त्रिकोणी पातं दिलेलं असतं. घोटाळा आणि त्यावरचा उपाय एकाच मुठीत. अशी सोय मी याआधी फक्त सरकारी परिपत्रकांत पाहिली होती.

अखेर स्वस्तातली अर्धगोल कानस घेऊन आलो. बाहेरचा काठ छान निघाला. आत मात्र ती शिरेचना! कानशीचा गोल पाइपाच्या गोलापेक्षा मोठा होता. वर्गात वर्तुळाची त्रिज्या शिकवताना हे उदाहरण सुचलं नव्हतं.

शेजारचा सुतार ओट्यावरून बघत होता. “गुरुजी, कापनं कोनालाबी जमते जी. काठ कोनी पाहात नाही.” आत जाऊन त्यानं एक बोटभर लांबीचं तीनधारी हत्यार आणलं. ती त्याची करवतीच्या दातांना धार लावायची जुनी कानस. झिजल्यावर त्यानं सहाणेवर तिचे दात पार उडवले होते; उरल्या होत्या तीन सरळ, लखलखीत धारा. टोक पाइपात घालून त्यानं दोन गिरक्या दिल्या. आतून लोखंडाचा केसाएवढा कुरळा कीस लोंबकळत बाहेर आला. किंमत विचारली तर हसला.

“आता बोट नका फिरवू,” तो म्हणाला, “कापूस फिरवा. अडकला तर बर हाय.”

कापूस घरात एकाच ठिकाणी होता. देवघरातल्या वातींच्या डबीतून मी एक वात उचलली. अडकली. पुन्हा खरवडलं, दुसरी अडकली. तिसरीही. चौथी कशी सुळकन गेली! कानशीचा भुगा लागलेल्या तिन्ही वाती गुपचूप डबीत परत ठेवल्या.

दिवेलागणीला बाडीत पाण्याची धार वांग्यांवर पडत होती आणि देवघरातून हिची हाक आली, “अहो, लवकर या! निरांजनात बघा कशा ठिणग्या उडताहेत! देवाला पावलं बरं तुमचं काम.”

लोखंडाचा बारीक भुगा ज्योतीत पडला की तांबूस-पिवळ्या ठिणग्या उडतात, हे मी चाळीस वर्षं नववीला शिकवलंय. तोंडाशी आलंसुद्धा. मग बांधलेल्या बोटाकडे पाहिलं, हात जोडले आणि एवढंच म्हणालो, “बरं.”