पाऊण तासात आजोबा

१९६७ साली नवं शहर म्हणून घोषित झालेल्या, इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या मुख्य रस्त्यांना एच आणि व्ही ही अक्षरं अन् क्रमांक आहेत. माणसाने भरकटू नये, ही सदिच्छा. तीच शिस्त आमच्या आजोबांच्या अंत्यसंस्कारालाही लाभली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. वेळ पाऊण तास, गाणी तीन: येताना, मध्ये, जाताना.

सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी १९५३ पासून पुण्यात रात्र रात्र गाणं मांडलं. किती हा वेळेचा अपव्यय! आजोबाही त्याच वळणाचे. विलंबित ख्यालात षड्जावरून गंधारावर यायला त्यांना पंधरा मिनिटं लागत. यापुढे प्रत्येकाने आलापी जिवंतपणीच उरकून शवदाहगृहासाठी फक्त तिहाई राखून ठेवावी, अशी नम्र सूचना.

‘त्यांचा आवाज घरभर घुमायचा,’ असं सगळ्यांनी गहिवरून सांगितलं. खरंच घुमायचा, म्हणून तर मुलांनी त्यांना रियाजासाठी गॅरेजमध्ये स्वतंत्र दालन दिलं होतं, हीटरसकट.

मधलं गाणं त्यांच्याच आवाजात हवं, असं एकमताने ठरलं. नातवंडांच्या फोनांत केक सापडले, मांजरं सापडली, आजोबा नाहीत. अखेर शेजारचे गोरे काका धावून आले. गोंगाटाची तक्रार करायची तर पुरावा लागतो. त्यांनी कित्येक वर्षं तो निष्ठेने जमवला होता, ध्वनिमुद्रणासह, वहीत तारीखवार नोंदी करून.

‘पहाटे ५.१०: विव्हळणे सुरू.’ ‘५.५५: वेग वाढला, थांबण्याची चिन्हं नाहीत.’

आम्ही ५.५५चं ध्वनिमुद्रण निवडलं.